तट आणि पावती

भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या तटबंदीच्या गावासमोर सकाळी जहाज नांगर टाकते. दोन-तीन हजार माणसे उतरतात, दिवसभर तटावरून हिंडतात, दरवाजाखाली फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जहाजावर जातात. हल्ली या गर्दीत मराठी बोलणेही कानावर पडते. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकचा तट १९४० मीटर लांब आहे आणि काही ठिकाणी २५ मीटरपर्यंत उंच चढतो. एका दिवसाच्या मुक्कामाला तो पुरेसा होतो. जुने गाव पाहणे म्हणजे त्याची भिंत पाहणे, असा या सहलींचा न बोललेला करार असतो. तोच करार खिशात घालून जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला उतरले तर तासाभरात माणूस स्टेशनवर परत येईल. फिरायला तट नाही, वर तोफा मांडलेला बुरूज नाही. कोणी सांगेलच तर बालकवी ठोंबरे १८९० मध्ये इथे जन्मले एवढे सांगेल, आणि ते सांगण्यासारखे आहेच. पण सतराव्या शतकात हे गाव खानदेशातल्या सर्वांत भरलेल्या बाजारपेठांपैकी एक होते. १६७४ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून माणसे पाठवून इथे वखार घातली आणि इथले कापड सुरतेच्या बंदरातून समुद्रापार जाऊ लागले. समुद्र दिसतही नाही इतक्या आत असूनही धरणगाव त्या अर्थाने बंदराचेच गाव होते. मग त्याच शतकातले, त्याच समुद्री व्यापाराच्या जाळ्यातले एक गाव पाहण्याजोगे उरते आणि दुसऱ्याचे काहीच दिसत नाही, हे का?

सोपे उत्तर तयार असते: त्यांनी जपले, आपण जपले नाही. या उत्तरात थोडे तथ्य आहे, पण मुख्य गोष्ट त्यातून निसटते. माझे म्हणणे असे की खानदेशातल्या पेठांचे रक्षण मुळात भिंतीवर अवलंबून नव्हते. ते कागदावर अवलंबून होते: परवाना, दस्तक, हुंडी, कौल आणि खंडणी भरल्याची पावती. हा कागद जिथे चालला तिथे बाजार टिकला, जिथे चालेनासा झाला तिथे बाजार जळाला. आणि कागदाचे अवशेष बघायला जहाजे येत नाहीत.

आधी गावाची जागा पाहू. तापीच्या अल्याड धरणगाव, पल्याड चोपडा. सुरतेहून बुऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याला जाणारा जुना हमरस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा नदीच्या खोऱ्यातून जाई. इंग्रजांचा वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये याच खोऱ्याने बुऱ्हाणपूर गाठून पुढे जहांगिराच्या दरबारी गेला. खोऱ्यातली काळी जमीन कापसाची. गावोगाव पिंजारी, सूत काढणाऱ्या बाया, साळी, कोष्टी, मोमीन, रंगारी. धरणगावच्या कापडाला आणि कागदाला मुसलमानी अमलात मोठा मान होता, असे इंग्रजी काळातल्या गॅझेटिअरने नोंदवले आहे. शेजारचे एरंडोल तर जाड देशी कागदासाठी प्रसिद्धच होते. कापूस, कापड आणि कागद एकाच टापूत पिकत आणि बनत होते. व्यापाराला आणखी काय लागते? माल नेणारे बैल, माल घेणारा ग्राहक, आणि या दोघांच्या मधल्या काळात पैसा अडकून पडू नये अशी सोय. ही तिसरी गोष्ट म्हणजे हुंडी.

हुंडीचा कागद जवळून पाहण्यासारखा असतो. हातभर कागद, वर देवाचे नाव, खाली कोणी कोणावर लिहिली, किती दिवसांनी भरायची, आणि मग रक्कम. रक्कम एकदा लिहून भागत नसे. पाचशे रुपयांची हुंडी असली तर तिच्यात ‘निमे रुपये अडीचशे, त्याचे दुप्पट पाचशे’ अशा अर्थाचा मजकूर घालत, म्हणजे कोणी आकड्यापुढे एखादे शून्य वाढवले तरी निम्म्याचा हिशेब जुळू नये. दगडी तटाला जशी दुहेरी भिंत आणि मध्ये खंदक, तशीच ही दुहेरी रक्कम. हुंडीला दर असे, आणि त्या दरात रस्त्यावरचे भय मोजलेले असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सतराव्या शतकाच्या मध्याचे दर लिहून ठेवले आहेत: अहमदाबादेहून सुरतेवरची हुंडी शेकडा एक ते दीड, बुऱ्हाणपूरहून अडीच ते तीन, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, लाहोरहून सव्वासहा. वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचे पैसे बुडत, म्हणून दर चढे असत, असे कारणही तो देतो. म्हणजे तापीच्या खोऱ्यातल्या व्यापाऱ्याने रक्षणाचा खर्च अडीच-तीन टक्क्यांत मोजला होता आणि तो मालाच्या किमतीत आधीच धरला होता. ज्याला धोका असा आकड्यात बसवता येतो, तो भिंत कशाला बांधेल? भिंतीला लागणारा पैसा अडकून पडतो. हुंडीतला पैसा फिरत राहतो.

यावर कोणीही म्हणेल: हिशेब कागदावर छान आहे, पण धरणगाव लुटले गेलेच ना? गेले, आणि एकदा नव्हे. वखार पडली १६७४ मध्ये. दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने गाव लुटले आणि त्यात इंग्रजांची वखारही सापडली. १६७९ मध्ये पुन्हा लूट झाली, या खेपेला चोपड्यासह. १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने गाव लुटून जाळले. अकरा वर्षांत तीनदा. तट असता तर हे टळले असते, असा आक्षेप इथे उभा राहतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून त्याच काळात ज्यांना तट होता त्यांचे काय झाले, हे तपासायला हवे.

पहिली साक्ष सुरतेची. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली गेली. त्यानंतर औरंगजेबाच्या हुकुमाने शहराभोवती भिंत उठली. १६७० च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराज पुन्हा आले आणि भिंत असतानाही शहर पुन्हा लुटले गेले. इंग्रज, डच आणि फ्रेंच यांनी आपापल्या वखारी वाचवल्या, पण त्या शहराच्या भिंतीमुळे वाचल्या नाहीत. कोणी बंदुका रोखून बसले, कोणी नजराणा देऊन बोलणी केली. दुसरी साक्ष बुऱ्हाणपूरची आणि ती धरणगावला जास्त जवळची. १६८१ च्या सुरुवातीला मराठी फौज बुऱ्हाणपूरवर आली. बुऱ्हाणपूरला चांगला पक्का कोट होता आणि तो या वेळी कामालाही आला: फौज कोटाच्या आत शिरली नाही. पण तीन दिवस जी लूट झाली ती कोटाबाहेरच्या बहादूरपुऱ्याची आणि इतर पुऱ्यांची. सराफ, सावकार, मालाचे साठे, सगळे त्या पुऱ्यांत होते. कोटात होते ते सरकार. लूट संपल्यावर शहरातल्या प्रतिष्ठितांनी बादशहाला कळवले की आमच्या जिवाची आणि मालाची शाश्वती उरली नसेल तर जुम्म्याची नमाज बंद करावी लागेल. मोगल इतिहासकार खाफीखानाने ही हकीकत दिली आहे. तक्रार करणारे भिंतीची डागडुजी मागत नव्हते. राज्य करणाऱ्याने आपला शब्द पाळावा, एवढे मागत होते.

बुऱ्हाणपूरच्या या उदाहरणात मला प्रश्नाची किल्ली दिसते. आपल्याकडचा कोट बहुधा अंमलदाराचा असे, व्यापाऱ्याचा नव्हे. पेठ कोटाच्या सावलीत वसे, पण कोटाबाहेर. संकट आले की दरवाजे लागत आणि पेठ बाहेर राही. धरणगावसारख्या गावी तट असता तर त्यात फौजदार राहिला असता, आणि साळ्याचे माग व वाण्याची पेढी होती तिथेच उघड्यावर राहिली असती.

आता कागदाकडे वळू. १६७० च्या अखेरीस, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर खानदेशात शिरले. पुढे वऱ्हाडात कारंजा लुटले गेले, ते सर्वांना ठाऊक असते. पण त्या स्वारीतली जास्त दूरगामी गोष्ट वेगळी होती. इतिहासकार ग्रँट डफने लिहिले आहे त्याप्रमाणे वाटेतल्या गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून लेखी कबुलायती घेण्यात आल्या: सरकारी वसुलाचा चौथा हिस्सा शिवाजी महाराजांना किंवा त्यांच्या अधिकाऱ्यांना द्यायचा. त्याची पावती मिळेल, आणि पावती दाखवली की गाव लुटले जाणार नाही. मोगली मुलखावर चौथाई बसवण्याचा हा पहिला प्रसंग मानतात आणि तो खानदेशातला आहे. चावडीतला तो देखावा डोळ्यांसमोर आणून पाहावा. बाहेर घोडी उभी आहेत, आत कुलकर्णी बोरू तासतो आहे, आणि गावाचे रक्षण करणारी भिंत हातभर कागदावर उभी राहते आहे. कदाचित तो कागद एरंडोलचाच असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

ही पद्धत महाराजांनी आकाशातून आणली नव्हती. ती समुद्रकाठच्या एका तटबंदीच्या शहराशी जोडलेली आहे. दमणला पोर्तुगीजांचा भक्कम दगडी कोट होता आणि तो आजही आहे. तरी दमणच्या परगण्यातल्या गावांच्या वसुलातला हिस्सा पोर्तुगीज रामनगरच्या कोळी राजाला देत असत. त्यावरून तो राजा ‘चौथिया’ म्हणूनच ओळखला जाई. कोट शहराचा, पण शहर जगत होते भोवतालच्या गावांवर, आणि गावे कोटात मावत नाहीत. १६७२ मध्ये रामनगर घेतल्यावर महाराजांनी ती चौथ आता आम्हाला द्या, असे पोर्तुगीजांना कळवले. म्हणजे तट असलेलेही पावतीचे गिऱ्हाईक होतेच.

मग पावतीची व्यवस्था आलेली असूनही धरणगाव १६७५ मध्ये का लुटले गेले? कारण पावती देणारा एकच असावा लागतो आणि त्याचा शब्द चालावा लागतो. त्या वेळी खानदेश मोगलांचा होता. मराठ्यांना चौथ द्यावी तर फौजदार विचारणार, न द्यावी तर स्वारी येणार. गावाच्या दोन्ही बाजूंना दोन धनी आणि दोघांचेही कागद अर्धेच चालणारे. इंग्रजांची पंचाईत आणखी मौजेची. १६७४ च्या जूनमध्ये त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता, तहाची कलमे घेऊन गेला होता, राजापूरच्या वखारीच्या जुन्या लुटीची भरपाई मागत होता. त्याच वर्षी कंपनीने मोगली मुलखातल्या धरणगावी वखार घातली. रायगडाशी केलेला कागद धरणगावात चालेल अशी त्यांची समजूत असावी. पण शत्रूच्या मुलखात दुकान मांडणाऱ्याला शत्रूच्या मुलखाचेच नशीब भोगावे लागते. पुढे या लुटीच्या भरपाईसाठीही त्यांनी महाराजांकडे बोलणी लावली. म्हणजे लूट झाल्यावरही कंपनीने उचलला तो कागदच.

इथे आणखी एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो टाळून पुढे जाणे लबाडी होईल. लूट आणि पावती यांना एकाच ‘व्यवस्थे’त बसवले की लुटीचा दाह कमी वाटू लागतो. राजकारण म्हणून तिचे समर्थन करता येते. मोगलांचा पैसा तोडायचा तर मोगलांच्या पेठा मोडल्या पाहिजेत, हे गणित बरोबरच होते. पण १६८५ मध्ये ज्याचा माग जळाला त्याला त्या गणिताशी काय करायचे होते? कंपनीने आपले नुकसान रुपयांत मांडले, सावकाराने वहीत लिहिले असेल. साळ्याचा जळलेला माग, खळ दिलेले अर्धवट ठाण, उसने आणलेले सूत कोणत्याच वहीत चढले नाही. हुंडीच्या अडीच टक्क्यांत सावकाराचा धोका धरलेला होता, विणकराचा नव्हता. कागदाची भिंत ज्याच्याकडे कागद होता त्यालाच आडोसा देई, आणि हा तिचा मोठा दोष मला नाकारता येत नाही. फक्त दगडी कोटही विणकराला आत घेत नव्हता, हे बहादूरपुऱ्याने दाखवलेच आहे.

अठराव्या शतकात चित्र पालटले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्या सहांत खानदेश होता. जी पावती घोड्यावरून उतरून दिली जात होती, तिला आता बादशाही शिक्का मिळाला. याच शतकात खानदेशात दगड-चुन्याचे कोटही उठले. पारोळ्याचा भुईकोट १७२७ चा, तो आजही पाहायला मिळतो आणि धरणगावहून फार लांब नाही. बघा, खानदेशातही तट होतेच की, असे कोणी म्हणेल. होते. पण पारोळ्याचा कोट जहागीरदाराचा, त्याच्या सत्तेचा. पेठ त्याच्यामुळे वाढली असेल, पण पेठेने तो बांधला नव्हता.

कोट आणि गढ्यांची खरी कसोटी लागली ती १८०२ नंतर. यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी आणि भिल्लांच्या धाडी. गावे ओस पडली. या काळात कागदाला काही किंमत उरली नाही, कारण तो पाळणारा कोणीच नव्हता, आणि लोक खरोखरच गढ्यांच्या आश्रयाला गेले. माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण पुढचे पाहावे. त्या गढ्यांतून अरब शिबंदी बसवली होती. पगार थकला तेव्हा शिबंदीने गढी आपलीच मानली आणि ज्यांचे रक्षण करायचे त्यांच्याकडूनच वसुली सुरू केली. भिंत हातात ठेवणारा कोण, हा प्रश्न भिंतीपेक्षा मोठा ठरला. थाळनेरचा शेवट तर भिंतीचे दुसरे टोक दाखवतो. तापीकाठचा हा फारुकी सुलतानांचा जुना किल्ला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेपुढे तो पडला. दरवाजात शिरलेले इंग्रज अंमलदार मारले गेले, त्यावर शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीरामाला फाशी दिली गेली. सुरतेच्या हमरस्त्यावर चार शतके उभा असलेला तट एका दिवसात आतल्यांचा सापळा झाला.

इंग्रजांचे राज्य आल्यावर रक्षणाची तिसरी तऱ्हा आली आणि तिचे ठाणे योगायोगाने धरणगावच होते. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रम इथे आला आणि त्याने भिल्लांची पलटण उभी केली. खानदेश भिल्ल कोअर म्हणून ती पुढे नावाजली. डोंगरवाटा आणि गावे राखण्याचे वतनी हक्क भिल्लांकडे जुन्या काळापासून होते. तो मोबदला बुडाला तेव्हा राखणदारच वाट अडवू लागले होते. साताठ वर्षे फौजा पाठवून, तैनाती लावून, बक्षिसे जाहीर करून जे जमले नाही, ते पगार देऊन आणि त्यांच्याच हाती बंदूक देऊन जमले. याचे श्रेय एकट्या आउट्रमच्या धाडसाला देण्याची इंग्रजी पुस्तकांची रीत आहे. तो धाडसी होता, वाघाच्या शिकारीत त्याने भिल्लांचा विश्वास कमावला, हे खरे. पण मुळात ही जुन्या राखणीच्या हक्काचीच नवी, पगारी मांडणी होती. नाव नवे, हजेरीपट नवा, मोबदला तोच. इथेही भिंत नाहीच. आहे ते पगारपत्रक.

आता पुन्हा दुब्रोव्हनिकच्या तटावर जाऊ, कारण माझे सर्व म्हणणे तिथे खोटे पडते असे वाटण्याजोगे आहे. तो तट व्यापाऱ्यांनीच बांधला. रागुझा या नावाने ते स्वतंत्र प्रजासत्ताक होते, राज्यकारभार व्यापारी घराण्यांच्या हातात होता आणि तटाआड अंमलदार नव्हे, पेठच होती. आपल्याकडे सुरतेच्या वीरजी व्होऱ्यासारखा अफाट श्रीमंत माणूसही शहरावर राज्य करीत नव्हता. हा फरक मोठा आहे, आणि तिथे तट उभा राहण्याचे ते मुख्य कारण आहे. मात्र त्या तटाने गाव राखले का? पंधराव्या शतकाच्या मध्यापासून रागुझा तुर्की सुलतानाला खंडणी देत होते. १४८१ पासून ती दरसाल साडेबारा हजार सोन्याच्या डुकाट ठरली. दरवर्षी दोन वकील ती रक्कम घेऊन इस्तंबूलला जात आणि पुढच्या वर्षीचे वकील येईपर्यंत तिथेच राहत. त्याच्या बदल्यात सुलतानाच्या मुलखात व्यापार करण्याचे फर्मान मिळे. बाल्कन देशांतला माल समुद्रावर आणण्याचा रागुझाचा सारा धंदा त्या फर्मानावर उभा होता. १६६७ च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झाले तेव्हाही तटाचा उपयोग नव्हता. आणि १८०६ मध्ये नेपोलियनचे सैन्य दारात आले तेव्हा दरवाजे आतूनच उघडले गेले. १८०८ च्या जानेवारीत एका फ्रेंच सेनापतीच्या हुकुमाने प्रजासत्ताक बरखास्त झाले. साडेचारशे वर्षांच्या राज्याचा शेवट एका कागदाने केला आणि तट जसाच्या तसा उभा राहिला. आज तो पाहायला माणसे येतात, इतकी की २०१९ पासून एका वेळी दोन जहाजे आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा घालावी लागली. तीसुद्धा जहाज कंपन्यांशी करार करून.

भिंत उरते म्हणून ती महत्त्वाची वाटते. उलट दिशेचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावर आहे. वसईला पोर्तुगीजांचे तटबंदीचे शहर होते, चर्च, मठ, हवेल्या यांनी भरलेले. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ते जिंकले, पोर्तुगीज शर्तींवर निघून गेले आणि त्यांच्याबरोबर त्या शहराचे शहरपण गेले. तट अजून जागेवर आहे, आत छपरे उडालेली चर्चे आणि झाडी आहे. दिवसभराच्या सहलीला उत्तम. धरणगावात पाहायला काही नाही, पण आठवडे बाजार भरतो.

मातीचाही एक भाग आहे. खानदेशातल्या गढ्या बहुतेक पांढऱ्या मातीच्या. पाऊस त्यांना झिजवतो आणि राहिलेली माती गाडीत भरून शेतात टाकतात, कारण शतकांची राख, शेण आणि वस्ती मुरलेली पांढरीची माती पिकाला चांगली. याला नासधूस म्हणायचे का? पुरातत्त्वाच्या दृष्टीने हो. पण ज्याने ती माती कपाशीच्या ओळीत टाकली, त्याने गढीचा इतिहास त्याच पिकात परत घातला ज्याच्यामुळे गढी बांधावी लागली होती. याचे तिकीट लावता येत नाही, एवढेच.

कापड गेले, कागद गेला. गॅझेटिअर लिहिले गेले तोवर धरणगावचा कागद पूर्ण बंद झाला होता आणि माग जाडेभरडे विणत होते. मँचेस्टरच्या कापडाने जे केले ते तिन्ही लुटींना जमले नव्हते आणि त्याला कोणता तट अडवणार होता? उरला कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते १८६५, त्याचा भाव आभाळाला भिडला. जी. आय. पी. रेल्वे त्याच दशकात जळगाव-भुसावळला आली आणि धरणगाव सोडून गेली. बाजाराचे वजन जळगावकडे सरकले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव झाले. सुरतेहून तापी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास धरणगावला आली तेव्हा सुरत-धरणगाव हा जुना धागा रुळांच्या रूपाने पुन्हा जुळला, पण तोवर कापसाचे बंदर सुरत राहिले नव्हते, मुंबई झाले होते.

कापसाच्या हंगामात आजही जिनिंगच्या दारात गाड्या आणि ट्रॅक्टर रांगेने उभे असतात. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी झाली की पुन्हा चढते, दोन वजनांतला फरक कागदावर येतो. सरकी वेगळी, रुई वेगळी, गाठी वेगळ्या, हे नंतरचे. शेतकरी ती काट्याची पावती दुमडतो, खिशात घालतो, आणि चुकारा होईपर्यंत सांभाळून ठेवतो.